खमीसची तलवार आणि पाहुण्याची नजर

अल खफजीहून खमीस मुशैतला गाडीने जाऊ नये. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी भरात येऊन गाडी काढली तर दोष माझ्याकडे यायला नको. दम्मामहून अभाला विमान मिळतं आणि अभा ते खमीस म्हणजे टॅक्सीचा छोटासा पल्ला. आम्ही मात्र गाडीने गेलो. सौदी अरेबियाच्या एका कोपऱ्यातल्या समुद्रकाठच्या खफजीहून दुसऱ्या कोपऱ्यातल्या डोंगरात, दीड हजार किलोमीटरच्या वर, वाळूच वाळू बघत. कारण कासनला हा देश एकदा बघायचा होता आणि त्याच्याकडे वेळ उरला नव्हता.

कासन माझा ऑफिसातला जोडीदार. फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ बेट आहे, तिथला मोरो मुसलमान. आम्ही दोघंही गंज तपासणारे. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, पाइप आणि खांब कुठे किती खाल्ले गेलेत ते बघायचं, फोटो काढायचे आणि हा गंज वरवरचा की आतला, ते ठरवायचं. घरी बायको म्हणते, तुम्हाला नवी कढई दाखवली तरी आधी तिची कड बघता. खरं आहे ते. कासनचंही तसंच.

एवढी वर्षं इथे काढून त्याने सौदी अरेबिया बघितला तो खफजी, दम्मामचा विमानतळ आणि मक्का-मदिना एवढाच. मग निताकातच्या, म्हणजे नोकऱ्या सौदी लोकांना देण्याच्या सरकारी योजनेच्या, एका फेरीत त्याचं पद सौदी माणसासाठी राखीव झालं आणि त्याला फायनल एक्झिटची, देश कायमचा सोडायची, तारीख मिळाली. कासन "खलास" एवढंच म्हणाला आणि चहा आणायला गेला. त्या पंगतीत मीही बसलेलो आहेच, माझं पान अजून वाढलेलं नाही इतकंच.

आता तलवारीकडे येतो. कासनच्या घरी पिढ्यांपासूनच्या तलवारी होत्या. त्यांच्याकडे त्या भिंतीवरची शोभा नसते. लग्नात, मानपानात, वाटणीत त्यांचं स्थान असतं, आपल्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकांचं असतं तसं. काही वर्षांपूर्वी तिकडच्या लढाईत त्यांचं घर जळालं आणि त्यात तलवारीही गेल्या. उरली असली तर एकच, जी घरात नव्हती. त्याचे पणजोबा हजला गेले तेव्हा कमरेची तलवार घेऊन गेले आणि तिच्याशिवाय परत आले. मक्केत ते तापाने पडले होते, डोंगरातल्या एका माणसाने त्यांना महिनाभर सांभाळलं, त्याला ती देऊन टाकली, असं घरात सांगत. ही गोष्ट मी कासनकडून इतक्यांदा ऐकली होती की चुकला तर मीच दुरुस्त करायचो.

आणि एक दिवस माझ्या मेव्हण्याने, निखिलने, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. निखिल खमीसला हाडांचा डॉक्टर आहे. गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या अबू सालेह नावाच्या एका पेशंटने त्याला जेवायला बोलावलं होतं. फोटोत भलामोठा भाताचा थाळा, त्यामागे हसणारा निखिल आणि त्याच्याही मागे भिंतीवर नागमोडी, काळपट पात्याची तलवार. निखिलने खाली लिहिलं होतं, "दाजी, बकरा बघा." मी बकरा बघितलाच नाही.

कासनने फोटो मोठा केला आणि पात्यावरून मुठीपर्यंत बोट सरकवत नेलं. मग म्हणाला, "आमचीच आहे. म्हणजे आमच्या लोकांची. माझ्या घरची आहे का, ते हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही."

इथे आमच्या घरात एक चर्चा झाली, ती नोंदवली पाहिजे, कारण सगळं त्यावरच फिरलं. कासनचं म्हणणं, निखिल त्यांच्याकडे ड्रेसिंगला जाईल तेव्हा आपणही सहज गेल्यासारखं जाऊ. माझी बायको मेधा म्हणाली, "अहो, लोकांच्या घरी असं न कळवता जातात का? त्यांनी काय समजावं? आधी फोन करा, तलवार बघायला येतोय म्हणून नीट सांगा." मलाही ते पटलं. आपण असेच वाढलो. कळवून जावं, रिकाम्या हाताने जाऊ नये. निखिलने कळवलं. अबू सालेह खूश झाले. एका तलवारीसाठी पाहुणे समुद्राच्या काठाहून डोंगरात येतायत, अहलन व सहलन. मेधाने बेसनाचे लाडू केले.

पहिला दिवस: खफजी ते रियाध

पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर निघालो. पेट्रोल आता पूर्वीसारखं पाण्याच्या भावात राहिलेलं नाही, तरी भारतातून आलेल्या माणसाला अजून हसू येईल इतकं स्वस्त आहे. टाकी निम्मी झाली की भरायची, हा नियम पाळा. पंपाला लागून मशीद, बकाला म्हणजे किराण्याचं दुकान आणि चहाची टपरी असतेच. कडक दुधाचा चहा दोन रियालला मिळतो आणि बनवणारा बहुतेक केरळचा असतो.

रस्ता सरळ आहे. इतका सरळ की झोप येते, आणि झोप आली की उंट आडवे येतात. कासन पुढे, मेधा मागे लाडवांच्या डब्याला टेकून. आमचं तिघांचं बोलणं इंग्रजी, अरबी आणि हिंदी यांची खिचडी असते, इथे मराठीत लिहितो आहे.

मेधाने विचारलं, "कासनभाई, नागमोडी तलवार तर जावामध्येही असते ना? मग ही तुमचीच कशावरून?"

झालं. रियाधपर्यंतची सोय झाली. कासन सुरू झाला: जावाची बारीक, भोसकायची. मोरोंची रुंद, कापायची. या तलवारीला क्रिस म्हणतात, ती नागमोडी असलीच पाहिजे असंही नाही, सरळ पात्याचीही क्रिस असते. मुठीचं टोक काकाकुव्याच्या डोक्यासारखं. मुठीकडे पातं एका अंगाने रुंद होतं आणि तिथे हत्तीच्या सोंडेसारखी खाच असते. जुनी ओळखायची खूण म्हणजे तो वरचा रुंद भाग, गांग्या, वेगळा तुकडा असतो, सांधा दिसतो. नव्या तलवारीत सांधा नसतो, नुसती रेघ ओढलेली असते, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तुमच्यापैकी कुणाला दुबईच्या किंवा जेद्दाहच्या जुन्या बाजारात अशी काही दिसली तर ती रेघ आधी बघा.

"आणि तुमच्या घरची?" मेधा म्हणाली.

"पात्यावर सांध्याखाली दोन्ही बाजूंना वेल कोरलेला. अगदी उथळ, नखाला जेमतेम लागेल असा. त्यातलं एक पान उलटं आहे. सगळी पानं वर, एक खाली. लोहार चुकला की त्याने मुद्दाम केलं, माहीत नाही. आजी म्हणायची, ते पान आपलं."

रियाधला बथा भागात राहिलो. खोल्या साध्या, दीडशे रियालला एक. जेवण पाकिस्तानी हॉटेलात, डाळ आणि तंदूरची रोटी. कासनने लाडू खाल्ला आणि दुसरा मागितला, मेधाची स्वारी खूश झाली.

दुसरा दिवस: रियाध ते वादी अद-दवासिर

खर्ज गेलं की गावं विरळ होतात. लैला, मग सुलय्यिल. मधे गोल गोल हिरवी शेतं लागतात, फिरत्या फवाऱ्यांवर पिकवलेली. कासन काचेला नाक लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, "यात बघण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला, "एवढी वर्षं कोणत्या देशाची लोखंडं तपासली ते तरी बघू दे." मी गाडी जरा हळू केली.

दुपारी एका पंपावर कबसा, मटणाचा मसालेभात, घेतला. एक थाळा तिघांना पुरून उरला. शेजारच्या टेबलावर दोन ट्रकवाले पश्तूमध्ये भांडत होते आणि बिल देताना पुन्हा एकमेकांशी भांडले, मी देतो, मी देतो म्हणून. त्या संध्याकाळी वादीत पोचल्यावर कासनने मला फोनमधला फोटो परत दाखवला. आमच्या धंद्यात फोटो वाचायची सवय लागते. पात्यावरचा काळा थर मला आधी गंजच वाटला होता. त्याने समजावलं: पोलादाचे थर घडीवर घडी घालून ठोकलेले असतात, मग लिंबाच्या आंबट रसाने पातं मुद्दाम काळं करतात आणि थरांचं पाणी, म्हणजे लाटांसारखी नक्षी, उमटवतात. ती तलवारीची कातडी. लाल दिसलं तर रोग, काळं दिसलं तर तब्येत ठीक.

"मग निगा कशी ठेवायची?"

"तेलाचा हलका हात फिरवायचा. बोटं लावायची नाहीत. आणि घासायची कधीच नाही."

वेल फोटोत दिसत होता. पानं मात्र ठिपके झाली होती. कोणतं उलटं, कोणतं सुलटं, काही कळत नव्हतं.

तिसरा दिवस: खमीस

तथलीथ सोडल्यावर रस्ता चढू लागतो आणि हवा बदलते. गाडीचा एसी बंद करून काचा खाली केल्या, हे खफजीच्या माणसाला स्वप्नातच जमतं. बाभळी, दगडी बुरूज, आणि एका वळणावर माकडांची टोळी चालत्या गाडीवर चढायला टपलेली. स्वेटर आणायला विसरू नका. मेधा विसरली नव्हती, मी विसरलो होतो, आणि ते मला संध्याकाळपर्यंत ऐकावं लागलं.

निखिलकडे आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अरीका खायला नेलं. कुस्करलेल्या भाकरीवर तूप, मध आणि खजूर, आपल्या मलिद्याचा श्रीमंत भाऊ. दुपारचा असरचा नमाज झाल्यावर अबू सालेहांकडे निघालो. कासनने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

अबू सालेह सत्तरीच्या पुढचे, दाढीला मेंदी, कमरेला खंजीर. काठी टेकत दारापर्यंत आले आणि निखिलला मिठी मारून म्हणाले, "या माणसाने मला पुन्हा उभं केलं." मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसलो. मेधाला आतल्या बायकांकडे नेलं. कॉफी झाली, खजूर झाले, धूप फिरला. भिंतीवरची जागा रिकामी होती, फक्त दोन खिळे. मला वाटलं, काढून ठेवली असेल.

मग त्यांनी हाक मारली आणि त्यांचा मुलगा सालेह हिरव्या मखमलीच्या कापडावर ती घेऊन आला.

ती चमकत होती. खिडकीतलं ऊन तिच्यावरून छतावर पडलं आणि हललं. काळं काहीच उरलं नव्हतं. स्टीलच्या नव्या ताटासारखी गुळगुळीत, वळणावळणाची, लखलखीत.

अबू सालेह अभिमानाने सांगत होते आणि निखिल त्यांच्या अरबीचं भाषांतर करत होता. पाहुण्यासमोर काळवंडलेलं पातं ठेवायचं म्हणजे त्याचा अपमान, असं इथे मानतात. म्हणून त्यांनी ती खंजीर बनवणाऱ्या कारागिराकडे बाजारात स्वतः नेली, दुखऱ्या गुडघ्याने. कारागिराने चाकावर धरली, दोन वेळा, आधी जाड आणि मग बारीक. "माझ्या वडिलांनी कधी केलं नव्हतं," ते म्हणाले. "मीही केलं नसतं. तुम्ही एवढ्या लांबून येताय म्हणून."

निखिलने या शेवटच्या वाक्याचं भाषांतर करताना माझ्याकडे बघितलं नाही.

कासनने हात पुसले आणि तलवार घेतली, मखमलीसकट. मूठ बघितली. पाखराचं डोकं शाबूत होतं. सांधा बघितला, सांधा खरा होता, गांग्या वेगळा, म्हणजे तलवार जुनी. मग ती खिडकीकडे तिरपी धरली आणि सांध्याखाली बघू लागला. मीही वाकलो. एका बाजूला काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला, अगदी तिरप्या उन्हात, वेलाच्या देठाची एक पुसट लकेर, बोटभर. पानं चाकाने नेली होती. लिंबाच्या रसाने थरांचं पाणी परत उमटलं असतं एक वेळ, पण कोरलेलं गेलं ते गेलं. लोखंड उडून गेल्यावर तिथे लावायला काही नसतं, हे आम्हा दोघांनाही पोटापाण्यापुरतं कळतं.

खरं सांगतो, मला मेधाचा राग आला, निखिलचा आला, त्या कारागिराचा आला, आणि यातल्या कुणीही वाईट केलं नव्हतं. चांगुलपणाच्या माळेत प्रत्येकाने एकेक मणी ओवला होता.

"ओळखली?" अबू सालेह पुढे झुकले. "माझ्या आजोबांना ती एका हाजीने दिली. समुद्रापलीकडच्या. नाव कुणाला ठाऊक नाही, आम्ही तिला हिंदी, म्हणजे हिंदकडची, म्हणतो. डॉक्टर म्हणाला, तुझ्या पणजोबांची असेल. वल्लाही, तुझी असेल तर तू सांग. फक्त सांग. आत्ता घेऊन जा."

कासनने नुसतं हो म्हणायची खोटी होती. कुणी पुरावा मागत नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. किती हाजी तलवार देऊन जातात डोंगरातल्या माणसाला? पण त्यांच्या लोकांतले कितीतरी हाजी याच मक्केत आजारी पडले असतील, हेही खरं.

कासन म्हणाला, "नाही चाचा. मला ओळखता येत नाही."

अबू सालेहांचा चेहरा पडला. "पण ती आमच्या लोकांची आहे," कासन पुढे म्हणाला, "आणि फार चांगल्या घरात आहे." त्याने ती परत मखमलीवर ठेवली, धार त्यांच्यापासून दूर. मग म्हणाला, "आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्याने तलवार बघितली की त्याची नजर पात्यावर राहते. ती तलवार पुन्हा घासत नाहीत. घासली तर नजर जाते आणि पाहुणा परत येत नाही."

अबू सालेहांनी उजवा हात छातीवर ठेवला. "मी जिवंत आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही," ते म्हणाले.

जेवण मोठं झालं. हनीथ होता, मातीच्या भट्टीत शिजवलेला बकरा, इतका मऊ की हाडं आपोआप सुटत होती. खमीसला गेलात तर खाच. मला चव लागली नाही.

परतीच्या वाटेवर गाडी उतरणीला लागली तेव्हा मी कासनला विचारलं, "ही रीत तू कधी सांगितली नव्हतीस."

"नव्हती."

"म्हणजे?"

"आता आहे," तो म्हणाला. पुढे बरंच अंतर गेल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "तेलाचं सांगायला हवं होतं. तेल चालतं म्हणून सांगायला हवं होतं."

"निखिलला फोन करू?"

"आणि काय सांगणार? रीत बदलली म्हणून?"

मागून मेधा हळूच म्हणाली, "मी फोन करायला लावला नसता तर..." कासनने मागे वळून तिला पुरं करू दिलं नाही. "सिस्टर, तुम्ही लाडू केले होते," तो म्हणाला. "कळवल्याशिवाय लाडू घेऊन कसं जाणार?" मेधा हसली आणि मग रियाधपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

खफजी

कासनला जाऊन आता वर्ष होत आलं. दम्मामच्या विमानतळावर सोडलं तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा आणि खजुरांचा डबा होता. माझ्या टेबलाशेजारची खुर्ची भरली गेली आहे. माझ्याही पदाचं बोलणं निघालंय आणि बायकोमागे सरकारला भरायच्या डिपेंडंट फीचा हिशेब बघून मेधा पुण्याला परतली आहे. कुणी विचारलं की या सगळ्या वर्षांत सौदीत काय बघितलं, तर मी तो सरळ रस्ता सांगतो, काचा खाली करून घेतलेली हवा सांगतो. मजलिसचं सांगत नाही. जाऊ नये म्हणतो त्याचं कारण अंतर नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मागच्या आठवड्यात निखिलने फोटो पाठवला. तलवार परत दोन खिळ्यांवर आहे. अबू सालेह आल्यागेल्याला सांगतात की यावर समुद्रापलीकडच्या पाहुण्याची नजर आहे. यंदा खमीसला धुकं फार होतं आणि पात्यावर वळणावळणाला डाग धरलेत. मी निखिलला लगेच फोन केला, म्हटलं, बाबा रे, गुडघा तपासायला जाशील तेव्हा तेलाचा एक बोळा फिरव.

"दाजी, बोललो मी," तो म्हणाला. "हात लावू देत नाहीत. म्हणतात, पाहुणा परत यायचाय."

फोटो मी कासनला पाठवला. पाठवायला नको होता कदाचित. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याच्या फोनची काच फुटलीय, रंग नीट दिसत नाहीत. तुझी नजर चांगली आहे, त्याने लिहिलं होतं, तू बघून सांग, डाग काळे आहेत की लाल?

मी फोटो मोठा केला. आयुष्यभर हेच काम केलंय, लाल ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

काळे, असं मी त्याला कळवलं.